वेग न जुमानणारे ड्रिल मशीन : दोष कसा शोधावा आणि ट्रिगर स्विच कसा बदलावा

ड्रिल मशीनचा खटका हलकेच दाबला की बिट सावकाश फिरू लागते, खूण केलेल्या जागी नीट टेकते आणि बोट जसजसे आत जाईल तसतसा वेग वाढत जातो. हे नियंत्रण गेले, म्हणजे खटक्याला स्पर्श होताच यंत्र पूर्ण वेगाने सुटू लागले किंवा बोट पार आत जाईपर्यंत निपचित राहून शेवटी एकदम उसळू लागले, की लाकडावर ओरखडे उठतात, टाइल तडकते, स्क्रूचे डोके घासून गुळगुळीत होते आणि बिट अडकलेच तर मनगटाला पीळ बसतो. असे यंत्र सहसा टाकून देण्याजोगे नसते. दोष बहुधा मुठीतल्या एका लहानशा स्विचमध्ये असतो आणि धीराने, क्रमाने काम करणाऱ्या नवशिक्यालाही तो बदलता येतो.

पण हे ‘बहुधा’ महत्त्वाचे आहे. मी दुरुस्त करायला घेतलेले पहिले ड्रिल कमी वेगावर गचके देत असे. वेगाचा दोष म्हणजे स्विचचाच दोष, असे मनाशी धरून मी नवा स्विच आणून बसवला आणि यंत्र पूर्वीसारखेच गचके देत राहिले. दुसऱ्यांदा उघडले तेव्हा दिसले की एका बाजूचा कार्बन ब्रश झिजून जेमतेम चार मिलिमीटर उरला होता आणि त्याची स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर पुरेशी दाबतच नव्हती. तेव्हापासून मी आधी यंत्राचे वागणे तपासतो, मग मोजमाप घेतो आणि पेचकस त्यानंतरच हातात घेतो. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. तो मुख्यतः विजेच्या तारेवर चालणाऱ्या ड्रिलविषयी आहे. ग्राइंडर आणि बॅटरीवरची यंत्रे यांत जिथे वेगळेपण आहे तिथे ते सांगितले आहे.

वेग कमी-जास्त होतो कसा

तारेवर चालणाऱ्या बहुतेक ड्रिलमध्ये जी मोटर असते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. तिच्या बाहेरच्या बाजूला स्थिर फील्ड कॉइल असतात, मध्ये फिरणारे आर्मेचर असते आणि आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, म्हणजे कम्युटेटरला, दोन कार्बन ब्रश वीज पोहोचवतात. फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे या मोटरला मिळणारी वीज कमी केली की तिचा वेगही कमी होतो.

ही वीज कमी करण्याचे काम ट्रिगर स्विचमधला ट्रायॅक नावाचा घटक करतो. घरगुती विजेची दिशा सतत उलटसुलट होत असते. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात अशी एक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला बंद असतो आणि काही वेळाने उघडतो, म्हणजे वीज जाऊ देतो. एकदा उघडला की ती लाट संपेपर्यंत उघडाच राहतो. तो लवकर उघडला तर मोटरला लाटेचा मोठा भाग मिळतो, उशिरा उघडला तर लहान भाग मिळतो. केव्हा उघडायचे हे एक छोटा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा घटक) आणि खटक्याबरोबर सरकणारा बदलता रोध मिळून ठरवतात. हा रोध म्हणजे काही मिलिमीटर लांबीची काळी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून पितळी जिभेसारखा एक संपर्क घासत जातो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली, की ठरावीक ठिकाणी वेग अचानक उडी मारतो.

बऱ्याच स्विचमध्ये आणखी एक सोय असते. खटका पूर्ण दाबला की आतला एक धातूचा संपर्क ट्रायॅकला वळसा घालून वीज थेट मोटरकडे पाठवतो. त्यामुळे पूर्ण वेगावर काम करताना ट्रायॅक तापत नाही. ही सोय लक्षात ठेवावी, कारण पुढचे अर्धे निदान तिच्यावरच उभे आहे.

उघडण्याआधी यंत्राचे वागणे पाहावे

चकमधून बिट काढून टाकावे, यंत्र घट्ट धरावे आणि खटका अगदी सावकाश दाबत न्यावा. त्याआधी खटक्यावरचे छोटे चाक पाहून घ्यावे. ते खटका किती आत जाऊ शकेल याची मर्यादा ठरवते, आणि ते कमीत कमीवर फिरलेले असले तर निर्दोष यंत्रही मंदच चालते. दिशा बदलणारी कळ मधोमध अडकलेली नाही, हेही पाहावे. लांब आणि बारीक तारेचा एक्स्टेंशन बोर्ड वापरात असेल तर तो बाजूला ठेवून यंत्र थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहावे.

थोडा दाब पडताच यंत्र पूर्ण वेगाने पळाले, तर ट्रायॅक जळून आरपार जुळला आहे, म्हणजे तो आता कायमचा उघडाच राहतो, असे समजावे. बिट अडकलेले असताना खटका दाबून धरला की मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि ट्रायॅक बहुधा अशाच वेळी जातो. उलट, मधल्या सगळ्या प्रवासात यंत्र हललेच नाही आणि शेवटच्या टोकाला एकदम पूर्ण वेगाने सुरू झाले, तर मोटर, ब्रश आणि केबल ठीक आहेत व स्विचमधला इलेक्ट्रॉनिक भाग तुटलेला आहे. ही दोन लक्षणे स्पष्ट आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच, स्विच बदलणे.

गचके देणारे यंत्र मात्र फसवते. गचके नेहमी खटक्याच्या त्याच ठिकाणी येत असतील तर रोधाची पट्टी झिजलेली असण्याची शक्यता अधिक. ते खटक्याच्या कोणत्याही स्थितीत येत असतील, सोबत हवा जाण्याच्या फटींतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील किंवा यंत्र हाताने थोपटल्यावर सुरळीत चालत असेल, तर संशय ब्रशवर घ्यावा. केबल मुठीत शिरते त्या रबरी नळीपाशी वाकवल्यावर यंत्र बंद-चालू होत असेल, तर तार आत तुटली आहे. वर्षानुवर्षे तीच जागा वाकत असते, म्हणून केबल तुटण्याची ही नेहमीची जागा आहे.

पूर्ण दाबूनही यंत्र मंदच चालत असेल तर स्विचवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा. झिजलेले ब्रश, जळका आर्मेचर, सुकून घट्ट झालेले ग्रीस आणि कोरडे पडलेले बेअरिंग ही त्याची जास्त संभवणारी कारणे आहेत. अर्ध्या दाबावर यंत्र गुरगुरत, थरथरत चालते आणि पूर्ण दाबावर एकदम साफ होते, असे असेल तर ट्रायॅकमधून लाटेची एकच बाजू जात असावी.

खटका सोडल्यावरही यंत्र थांबत नसेल तर स्विचमधले संपर्क वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. अशा वेळी खटका पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग ओढून घ्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र कोणाच्याही हाती जाणार नाही असे ठेवावे.

प्लग काढल्यानंतर

यापुढचे प्रत्येक काम प्लग सॉकेटमधून काढून, तो आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवून करावे. भिंतीवरचे बटण बंद असणे पुरेसे नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात लाटेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि यंत्रातला चौकोनी कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. त्याचा झटका बहुधा लहान असतो, पण त्याने दचकून हात पेचकसावर किंवा धारदार पत्र्यावर आपटतो. उघडण्यापूर्वी मिनिटभर थांबावे आणि उघडल्यावर त्या कपॅसिटरची टोके काही हजार ओहमच्या रेझिस्टरने क्षणभर जोडून घ्यावीत.

आता मल्टीमीटर (वीजदाब, रोध वगैरे मोजण्याचे उपकरण) ओहमवर ठेवून त्याची टोके प्लगच्या दोन्ही वीजवाहक पिनांना लावावीत आणि खटका पूर्ण दाबावा. मोटर, ब्रश, केबल आणि स्विचचा थेट संपर्क हे सगळे ठीक असेल तर काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंतचा आकडा येतो. खटका दाबूनच ठेवून चक हाताने सावकाश फिरवावा. ब्रशखालून कम्युटेटरच्या पट्ट्या सरकत असल्यामुळे आकडा थोडा वरखाली होईल, पण तो मधूनमधून नाहीसा होत असेल तर ब्रश नीट टेकत नाहीत किंवा आर्मेचरचा एखादा वेढा तुटला आहे.

यानंतर खटका थोडासाच, स्विच चालू झाल्याची टिचकी ऐकू येईपर्यंत, दाबावा. इथे नवशिके हमखास गोंधळतात. मल्टीमीटर परिपथ तुटलेला दाखवतो आणि ते स्विच बिघडला असे समजतात. वास्तविक मल्टीमीटरच्या एक-दोन व्होल्टने ट्रायॅक उघडतच नाही, म्हणून अर्ध्या दाबावर काहीही न दिसणे हेच निरोगी स्विचचे लक्षण आहे. याउलट, थोड्याच दाबावर पूर्ण दाबाइतकाच ओहमचा आकडा आला, तर ट्रायॅक आरपार जुळला आहे हे यंत्र न उघडताच सिद्ध झाले. वेगनियंत्रण नसलेल्या साध्या स्विचमध्येही आकडा असाच येतो, तेव्हा आपले यंत्र मुळात वेग बदलणारे आहे याची खात्री असावी.

ट्रायॅकने कापलेला वीजदाब मोजायला चालू यंत्रावर मल्टीमीटर लावू नये. लाट मोडकी असल्यामुळे साधा मल्टीमीटर चुकीचा आकडा दाखवतो आणि उघड्या यंत्रात जिवंत तारांच्या जवळ हात न्यावा लागतो तो वेगळाच. त्यासाठी दिव्याची चाचणी चांगली. ती शेवटी सांगितली आहे.

ब्रश आणि कम्युटेटर

काही यंत्रांत ब्रश बाहेरून, दोन्ही बाजूंच्या गोल टोप्या फिरवून काढता येतात. इतरांत कवच उघडावे लागते. काढताना कोणता ब्रश कोणत्या बाजूचा आणि त्याची वक्र कड कोणत्या दिशेला होती याची खूण करावी, म्हणजे तेच ब्रश परत बसवायचे झाल्यास ते कम्युटेटरवर पूर्वीसारखेच टेकतील. नवा ब्रश साधारण पंधरा मिलिमीटरच्या आसपास लांब असतो आणि पाच-सहा मिलिमीटर उरला की तो बदलायचा असतो. एकच बदलू नये, जोडीच बदलावी. काही ब्रशांमध्ये आत एक लहान स्प्रिंगची पिन असते. ब्रश किमान लांबीला आला की ती बाहेर येऊन संपर्क तोडते आणि यंत्र अचानक बंद पडते. अशा यंत्राचाही स्विच पुष्कळदा विनाकारण बदलला जातो.

ब्रश त्याच्या पितळी घरात बोटाच्या हलक्या दाबाने सहज आत-बाहेर सरकला पाहिजे. तो अडखळत असेल तर घरात साचलेली काळी धूळ कोरड्या फडक्याने पुसून काढावी. ही धूळ कार्बनची, म्हणजे वीजवाहक असते; स्विचमध्ये शिरली तर तीच रोधाच्या पट्टीवर बसून वेग बिघडवते. मऊ ब्रशने ती झटकावी, शक्य असल्यास व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, आणि तोंडावर मास्क ठेवावा.

कम्युटेटरवर एकसारखा तपकिरी रंग असणे चांगले. लागून असलेल्या दोनच पट्ट्यांच्या मधे काळा जळका डाग असेल, तर आर्मेचरचा वेढा गेला आहे आणि स्विच कितीही नवा बसवला तरी यंत्र सुधारणार नाही. तिथे काम मोटरचे वेढे नव्याने घालणाऱ्या वाइंडरकडे द्यावे किंवा आर्मेचर बदलावे.

स्विच काढणे आणि नवा बसवणे

यंत्र आडवे ठेवून, स्क्रूची बाजू वर करून, सगळे स्क्रू काढावेत. स्क्रू बहुधा ताऱ्याच्या आकाराच्या खोबणीचे असतात. त्यांना योग्य मापाचा पेचकस लावावा, कारण चपट्या टोकाने जबरदस्ती केली की खोबण फिरते. काही स्क्रू कमी लांबीचे असतात, म्हणून कागदावर यंत्राची रूपरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. कवच उचलताना ते वरच्या दिशेने सरळ उचलावे आणि गिअरची पेटी, बेअरिंग, दिशा बदलण्याची कळ ही सर्व खालच्या अर्ध्या भागातच राहतील असे पाहावे.

एकही तार हलवण्याआधी फोटो काढावेत, एक वरून आणि दोन बाजूंनी, तारांचे रंग आणि त्या कवचातल्या कोणत्या खाचेतून जातात हे दिसेल असे. सामान्यपणे स्विचमध्ये दोन तारा केबलकडून येतात, दोन फील्ड कॉइलकडे जातात आणि दिशा बदलण्याची सोय स्विचमध्येच असेल तर आणखी दोन ब्रशांकडे जातात. प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी लावून तिच्या टर्मिनलचा आकडा लिहावा. फोटो असताना चिकटपट्टी कशाला, असे वाटेल. पण काळ्या दोन तारा शेजारी-शेजारी असल्या की फोटोतून काहीच कळत नाही.

अनेक स्विचमध्ये तारा स्क्रूने न धरता आतल्या पोलादी जिभेने पकडलेल्या असतात. अशी तार ओढली तर तिचे तंतू तुटून आतच राहतात. तार शिरते त्या भोकाशेजारी एक बारीक फट असते; त्या फटीत जाड सुई किंवा अगदी बारीक पेचकस सरळ आत दाबावा, जीभ मागे सरकल्याचे बोटाला जाणवते आणि तार अलगद बाहेर येते. पहिल्या तारेला पाच मिनिटे लागतात, पुढच्या पटापट निघतात.

नवा स्विच निवडताना जुन्यावरची अक्षरे भिंगाखाली नीट वाचावीत. तिथे वीजदाब आणि प्रवाह लिहिलेला असतो. ‘६(६)’ अशा लिखाणात कंसातला आकडा मोटरसारख्या भारासाठीचा असतो आणि आपल्याला तोच पाहायचा आहे. ‘५ई४’ अशी खूण असली तर तो स्विच ५०,००० वेळा चालू-बंद होण्यासाठी पारखलेला आहे, ‘१ई४’ असेल तर १०,००० वेळा. मूळ मॉडेलचा स्विच मिळाला तर उत्तमच. पर्यायी घ्यायचा झाल्यास प्रवाह जुन्याइतका किंवा जास्त असावा, खटक्याचा आकार आणि कवचातल्या खाचांमध्ये बसण्याची मापे तंतोतंत जुळावीत आणि दिशा बदलण्याची कळ त्याच बाजूला असावी. अर्धा मिलिमीटर मोठा स्विच कवचाला घासून बसवला की खटका कधीतरी दाबलेल्या स्थितीत अडकतो; तो धोका पत्करू नये.

जुना स्विच उघडून त्यातला ट्रायॅकच बदलावा का, हा प्रश्न हौशी माणसाला पडतोच. सोल्डरिंगची सवय असेल आणि स्विच कुठे मिळतच नसेल तर प्रयत्न करावा, पण पहिल्याच दुरुस्तीत करू नये. आतल्या चार-पाच लहान स्प्रिंगा उघडताक्षणी उडतात. स्विच पारदर्शक पिशवीत धरून उघडला तर त्या सापडतात तरी. ट्रायॅक सुटा करून मोजला तर त्याच्या दोन मुख्य टोकांमध्ये दोन्ही दिशांनी काहीही न वाहणे अपेक्षित आहे. तिथे शून्याजवळ आकडा आला तर तो जळलेला आहे. बदली ट्रायॅक निवडताना केवळ प्रवाह पाहून भागत नाही. बीटी १३७ हा ८ अँपिअरचा आणि बीटी १३९ हा १६ अँपिअरचा, पण या दोन्हींच्या पाठीवरचा धातूचा पत्रा आतून मुख्य टोकाला जोडलेला असतो, तर बीटीए १२ सारख्या ट्रायॅकचा पत्रा विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवलेला असतो. मूळ ट्रायॅक वेगळ्या पत्र्याचा असताना दुसऱ्या प्रकारचा बसवला तर उष्णता घालवणाऱ्या पत्र्यात जिवंत वीज येते. माझा सल्ला असा की नवशिक्याने स्विच पूर्णच बदलावा. जुना मात्र फेकू नये, तो उघडून पाहण्यासारखे चांगले शिक्षण नाही.

स्विच शेजारचा कपॅसिटर फुगलेला, तडकलेला किंवा जळक्या वासाचा असेल तर तोही बदलावा. तो रेडिओतली खरखर थोपवण्यासाठी असतो आणि थेट मुख्य विजेवर बसतो, म्हणून त्याच्या जागी ‘एक्स २’ प्रकारचा आणि त्याच मूल्याचाच बसवावा. केवळ मायक्रोफॅरड जुळला म्हणून दुसरा कोणताही लावू नये.

तारा जोडताना मोकळे तंतू पिळून घ्यावेत. जिभेच्या टर्मिनलमध्ये टोकाला सोल्डर लावून किंवा बारीक धातूची टोपी दाबून तार आत सरकवावी. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये मात्र सोल्डर लावू नये, कारण ते दाबाखाली हळूहळू बसते आणि जोड सैल पडून तापू लागतो. प्रत्येक तार ओढून पाहावी. नंतर प्रत्येक तार तिच्या मूळ खाचेत दाबून बसवावी, विशेषतः फिरत्या आर्मेचरजवळून जाणारी. केबलचा क्लॅम्प घट्ट करावा. कवचावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे आहे. त्यातली एकही प्लास्टिकची नळी, कागदी पट्टी किंवा टोपी वगळू नये, कारण अशा यंत्रात अर्थिंगची तार नसते आणि माणसाचे रक्षण करणारे हेच भाग असतात.

कवच बंद करताना ते बोटांच्या दाबाने पूर्ण मिटले पाहिजे. फट राहिली तर स्क्रू आवळून ती मिटवू नये. एखादी तार मधे चिमटली असते.

ग्राइंडर आणि बॅटरीवरची यंत्रे

ग्राइंडर किंवा लाकडात खाचा कोरणाऱ्या राउटरवर वेगाचे चाक असते तिथे इलेक्ट्रॉनिक भाग बहुधा राळेत ओतलेल्या वेगळ्या ठोकळ्यात असतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. पण बदलण्याआधी आर्मेचरच्या टोकाला असलेले लहान गोल चुंबक पाहावे. त्याच्यासमोरचा सेन्सर मोटरचा खरा वेग मोजत असतो. चुंबक निखळले किंवा सेन्सर सरकला की यंत्र वेगावरचा ताबा गमावते किंवा सुरू होऊन लगेच थांबते. ठोकळा वगळून मोटर थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. काही यंत्रांची मोटर नियंत्रणाशिवाय छापलेल्या वेगापेक्षा जास्त फिरते, आणि ८० मीटर प्रतिसेकंदासाठी बनलेली १२५ मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे १२,२०० फेऱ्यांपलीकडे चालवायची नसते. चकती फुटली तर तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे येतात. हा मार्ग कधीही धरू नये.

अशा यंत्राला बाहेरून पंख्याचा रेग्युलेटर लावणेही चूक आहे. तो पंख्याच्या लहान प्रवाहासाठी असतो, ड्रिलच्या नव्हे. आणि यंत्रात स्वतःचे नियंत्रण असेल तर दोन्ही एकमेकांत अडथळा आणतात.

बॅटरीच्या ड्रिलमध्ये ट्रायॅकऐवजी मॉस्फेट असतो आणि तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. मंद वेगावर येणारी बारीक शीळ आणि खटका सोडताना ब्रशजवळ दिसणारी निळसर ठिणगी या दोन्ही गोष्टी दोष नव्हेत. दाबताच पूर्ण वेग येत असेल तर मॉस्फेट आरपार जुळला आहे. इथेही स्विच तारांसह एकसंध येतो. बॅटरी काढून ठेवावी, धन-ऋण टोके जशीच्या तशी जोडावीत आणि मॉस्फेटचा पत्रा त्याच्या जागी नीट टेकवावा, नाहीतर नवा स्विच पहिल्याच जड कामात तापून जातो.

वीज जोडण्याची वेळ

सगळे स्क्रू बसल्याशिवाय प्लग लावू नये. प्रथम मल्टीमीटरने पूर्वीची दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत : पूर्ण दाबावर मोटरचा आकडा, थोड्या दाबावर काहीच नाही. खटका पूर्ण दाबलेला असताना प्लगच्या पिना आणि चकचा धातू यांच्यात मल्टीमीटरने काहीही दिसता कामा नये. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे मीटर, कोणाकडे असेल तर तोही लावावा. २ मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर यंत्र वापरू नये, आणि चांगल्या यंत्रात तो याच्या कितीतरी पट येतो.

मग सिरीज लॅम्पमधून, म्हणजे १०० वॅटचा तारेचा बल्ब यंत्राच्या मार्गात एकामागे एक जोडलेल्या बंद पेटीतून, वीज द्यावी. एलईडी बल्ब इथे चालत नाही. ही पेटी ३० मिलिअँपिअरच्या गळती-रक्षक स्विचमागे असावी, आणि ती स्वतः बनवण्याइतका विजेचा सराव नसेल तर एखाद्या वायरमनकडून करून घ्यावी. खटका सोडलेला असताना बल्ब पूर्ण विझलेला असला पाहिजे. तो पेटला तर स्विचच्या आधीच कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग काढावा. खटका सावकाश दाबत नेला की बल्बची तार आधी विटकरी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळी, आणि सोडत आणला की त्याच वाटेने विझते. या प्रवासात उडी किंवा लपलप नसावी. बल्ब बहुतेक वीजदाब स्वतःवर घेत असल्यामुळे मोटर या वेळी मंद फिरेल किंवा नुसती गुणगुणेल. त्याची काळजी करू नये. बल्बमधून अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही, म्हणून जोडणीत चूक राहिली असली तरी स्फोट होत नाही, हेच या चाचणीचे मोठेपण आहे.

बल्बने संमती दिली की यंत्र थेट सॉकेटला लावावे, डोळ्यांवर चष्मा घालावा आणि बिट न लावता दोन्ही दिशांनी चालवून पाहावे. सुलटे म्हटल्यावर यंत्र उलटे फिरत असेल तर ब्रशांकडच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे. नवे ब्रश बसवले असतील तर निम्म्या वेगावर, भाराशिवाय, पाच-दहा मिनिटे चालू द्यावे. त्यांची कड कम्युटेटरच्या गोलाईला बसते आणि सुरुवातीच्या ठिणग्या कमी होतात. त्यानंतर एखाद्या निरुपयोगी फळीत मंद वेगाने दोन भोके पाडावीत, प्लग काढावा आणि मुठीवर, स्विचच्या जागी, तळहात ठेवून पाहावा. ती जागा कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर कवच पुन्हा उघडून तारांचे जोड एकेक करून तपासावेत.